वाणाची विळी

“हे बोट वाकवा बघू,” डॉक्टर म्हणाले.

द्वारकामावशीनं ओठ दाबून जोर लावला. उजव्या हाताची बाकीची बोटं निमूट वळली, अंगठ्याशेजारचं मात्र जसंच्या तसं ताठ राहिलं. डॉक्टर म्हणाले, बोट वळवणारी आतली दोरीच तुटली आहे, शिवून बघतो, पण फार आशा धरू नका. मी विचारलं, पोळ्या लाटता येतील का. त्यांनी मावशीकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

“कठीण आहे,” ते म्हणाले.

मला राग येतो. लहानपणापासून येतो, आता साठी उलटली तरी येतो, आणि ज्यांना वाटतं वयानं माणूस निवळतं त्यांनी खुशाल माझ्या घरी येऊन राहून बघावं. पण त्या दिवशी दवाखान्यात मला राग आला नव्हता. नुसती भीती वाटली होती. कारण मावशीचे हात म्हणजे आमचं घर होतं. ती माझ्या आईची धाकटी बहीण. लग्न झालं आणि वर्ष सरायच्या आत नवरा गेला. पुढं माझी आई गेली, तेव्हा मावशी मला घेऊन सांगलीत आली आणि लोकांकडे स्वयंपाकाला जायला लागली. मी शिकले ते तिच्या पोळ्यांवर. मी नोकरीला लागल्यावर तिला म्हटलं, आता बस घरी. तर म्हणाली, बसून हात काय पुजायचे आहेत? तिची पोळी वाऱ्यावर उडावी इतकी पातळ असायची आणि ते तिला माहीत होतं.

कशानं कापलं, ते काही ती धड सांगेना. विळीनं, एवढंच म्हणाली. आमच्या विळीनं? आमच्या जुन्या विळीनं तर काकडी धड चिरत नव्हती. मी पुन्हा विचारलं तर तिनं विषय बदलला.

घरी आले आणि स्वयंपाकघरात बघितलं. अर्धा चिरलेला लाल भोपळा तसाच पडलेला. त्याच्या घाऱ्या करणार होती, मला आवडतात म्हणून. शेजारी विळी. ती मी उचलून उलटसुलट बघितली. विळी आमच्या कारखान्यातली होती.

मी तेव्हा कुपवाडच्या एमआयडीसीत स्वयंपाकघरातल्या वस्तू करणाऱ्या एका कारखान्यात माल रवाना करायचं काम बघत होते. मालक अण्णा मगदूम. त्यांचा मुलगा अभिनंदन पुण्याला जाऊन वस्तूंचं डिझाइन शिकून आला होता आणि आल्या आल्या त्यानं ही मिटणारी विळी काढली होती. मिटणाऱ्या विळ्या आधीही होत्या, पण त्यांचं पातं स्क्रूनं आवळावं लागायचं. अभिनंदनच्या विळीला स्क्रू नव्हता. लाकडी पाटाच्या उजव्या कडेला एक खटका होता. तो दाबला की पातं मिटणार, उचललं की आपोआप अडकणार. दिसायला देखणी, मी नाही म्हणत नाही. पण ती अजून बाजारात आलीच नव्हती. सगळा माल गोदामात खोक्यांत भरून पडला होता आणि लग्नसराईसाठी दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक भरायचा होता. मग ही आमच्या घरात आली कुठून?

गेटबाहेर या विळ्या एकाच वाटेनं गेल्या होत्या. अभिनंदनची बायको पद्मजावहिनी, तिनं संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून या विळ्या वाटल्या होत्या. म्हणजे एका दगडात दोन पक्षी. वाणही झालं आणि बायकांनी वापरून कशी आहे ते सांगितलं की मालाची परीक्षाही झाली. पण हळदीकुंकवाला मावशीला कोण बोलावणार? जिचा नवरा गेला तिला आपल्याकडे कुणी बोलावत नाही. ती ज्यांच्याकडे स्वयंपाक करायची तिथंही त्या दिवशी ती बायका यायच्या आधी ओटा पुसून मागच्या दारानं निघायची.

“नांद्रेकरवहिनींनी दिली,” शेवटी मावशी म्हणाली. त्यांच्याकडे ती पोळ्यांना जायची. “त्यांच्याकडे जास्तीची होती. बाई मनानं चांगली आहे गं, आठवण ठेवून दिली. तू उगीच तिथं जाऊन आकांडतांडव करू नकोस.”

मी विळी पुढं ओढली, एक पाय मुडपून पाटावर ठेवला, दुसरा गुडघा उभा धरला, जसं सगळ्या बायका बसतात तसं, आणि उरलेल्या भोपळ्याची फोड पात्याला लावली. भोपळा टणक. जोर लावावा लागला. जोर लावला तसा मुडपलेला पाय पाटाच्या कडेला सरकला, पोटरी खटक्यावर बसली आणि पातं धाडकन खाली आलं. मी विळीकडं संशयानं बघत होते म्हणून हात मागं घेतला. मावशी बेसावध होती. तिनं पडणारं पातं धरायला हात घातला असणार, कुणीही घालेल.

मी पुन्हा केलं. पुन्हा तेच. पाय जिथं टेकतो, नेमका तिथंच खटका. तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात ना, ती मला तेव्हा गेली, आणि खरं सांगायचं तर अजून पूर्ण उतरलेली नाही.

सकाळी मी गोदामाच्या दारात उभी राहिले आणि हमालांना सांगितलं, एक खोकं हलवायचं नाही. ट्रकवाला कटकट करायला लागला. त्यालाही सांगितलं, चहा पी आणि गप बस. माझ्या सहीशिवाय ट्रक गेटबाहेर जात नसे, आणि मी सही करणार नव्हते. थोड्या वेळात अण्णांच्या केबिनमधून बोलावणं आलं.

अण्णा तसे न्यायी माणूस, पण व्यापारी. त्यांनी शांतपणे मला सांगितलं की सोलापूर, पुणे, कोल्हापूर, सगळीकडच्या दुकानदारांना शब्द दिला आहे, आज माल गेला नाही तर आपल्या तोंडाला काळं लागेल. मी मावशीच्या बोटाचं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. अभिनंदनचा नाही उतरला. त्याला वाईट वाटलं नसेल असं नाही, पण त्याला आधी विळीची बाजू घ्यायची होती. म्हणाला, एका बाईकडून चूक झाली म्हणून सगळा माल थांबवायचा का? त्यांना नवीन वस्तू वापरता आली नसेल.

“ती बाई जन्मभर विळीवर बसलीये,” मी म्हटलं. “तू किती वेळा बसलास?”

त्यानं खोकं फोडून विळी काढली, अण्णांच्या टेबलावर ठेवली, डब्यातली काकडी घेतली आणि उभ्या उभ्या टराटरा चिरून दाखवली. म्हणाला, बघा, मिटतंय का? मी म्हटलं, विळी टेबलावर ठेवून कोण चिरतं, तुझी आजी? खाली बस. तर साहेबांनी तंग पँट घातलेली, मांडी कशी घालणार. मी विळी उचलून फरशीवर ठेवली आणि स्वतः बसले. साडी सावरून, पाय मुडपून, जशी घरी बसते तशी. पातं पडलं. तो म्हणाला, तुम्ही मुद्दाम पाय लावताय. आता काय बोलावं या माणसाशी? उंटावरून शेळ्या हाकतो आणि शेळीलाच म्हणतो, तुला चालता येत नाही.

मी हे तोंडावर बोलले. अण्णा म्हणाले, मंदा, जिभेला आवर घाल.

मग अभिनंदननं हुकमी पान काढलं. “अण्णा, संक्रांतीला एवढ्या बायकांना विळ्या दिल्या. पद्मजानं नंतर एकेकीला विचारलं. सगळ्या म्हणतात छान आहे. एकीनंही नाव ठेवलेलं नाही.”

अण्णा माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, मला त्या बायकांना भेटायचं आहे. अण्णांनी थोडा विचार केला आणि सांगितलं, दुपारपर्यंत ट्रक उभा राहील, पद्मजेला घेऊन जा. दुपारी माझ्या बाजूनं कुणी नसेल तर मात्र सही करायची. मी कबूल झाले. कबूल न होऊन सांगते कुणाला?

पद्मजावहिनी गाडीत फुरंगटून बसली होती. तिच्या वाणावर मी शंका घेतली होती ना. मुलगी वाईट नव्हती, हौशी होती. वाण ठरवताना तिच्या सासूबाई म्हणाल्या होत्या की लोखंड वाणात देऊ नये, लोखंड म्हणजे शनी. तर हिनं उत्तर दिलं होतं की स्टील म्हणजे काही लोखंड नव्हे. ते तिनं मला गाडीत अभिमानानं सांगितलं. मी म्हटलं, बरं.

पहिल्या घरी बाईंनी आमचं तोंडभर स्वागत केलं. विळी? छान आहे हो, फारच छान. मी म्हटलं, जरा दाखवा ना, मला पातं बघायचं आहे. बाई घुटमळल्या. मग स्टुलावर चढून माळ्यावरून खोकं काढलं. वरची चिकटपट्टीसुद्धा फोडलेली नव्हती. “तसं नाही हो,” त्या पद्मजेला म्हणाल्या, “पण वाणाचं लोखंड घरात कसं वापरायचं? आमच्यात नाही चालत.” पद्मजेच्या तोंडचं पाणी पळालं. दुसऱ्या घरी तीच कथा. छान आहे, छान आहे, आणि विळी कुठं, तर भावाच्या शेतावर पाठवली, तिथं खोक्यातच असेल. तिसरीनं भंगारवाल्याला दिली होती, पण ते सांगताना ती इतकी ओशाळली की मला तिचाही राग आला. पद्मजेनं विचारलं, मग मला छान आहे असं का म्हणालात? ती बाई चकित होऊन बघायला लागली. म्हणाली, “अहो, वाणाला कुणी नावं ठेवतं का?”

बरोबर आहे. वाणाला कुणी नाव ठेवत नाही. कुणाच्या हळदीकुंकवाला जायचं, ओटी भरून घ्यायची आणि मग सांगायचं की तुझी वस्तू भिकार आहे? आपल्यात ते होत नाही. हे कारखान्यात बसलेल्या त्या शहाण्यांना ठाऊक नव्हतं असंही नाही. सगळ्यांना ठाऊक होतं. पण नफ्याची गोष्ट आली की माणूस स्वतःच्या घरातली रीतसुद्धा विसरतो.

शेवटी नांद्रेकरवहिनींच्या घरी गेलो. विश्रामबागेत दुसऱ्या मजल्यावर. त्यांनी चहा ठेवला. मावशी आली नाही म्हणून स्वयंपाकाची कशी आबाळ झाली ते सांगितलं, हात कापलाय असा निरोप मिळाला होता म्हणाल्या. मग मी विळीचं विचारलं.

“ती द्वारकाला देऊन टाकली,” त्या म्हणाल्या. “यांचं नुकतंच ऑपरेशन झालेलं आणि त्यात वाणात लोखंड आलं. माझ्या मनाला चांगलंच लागलं ते. टाकून तरी कसं देणार, वाण आहे. म्हटलं, द्वारकाला चालेल.”

“तिला कसं चालेल?”

“अगं, हे असलं घरधन्यावर येतं म्हणतात. तिला काय त्याचं? तिचं जे व्हायचं ते होऊन गेलंय.”

हे त्यांनी दुष्टपणानं म्हटलं नाही. बशी पुसता पुसता म्हटलं, जसं कुणी म्हणतं की हा डबा फुटका आहे, बाहेर ठेवला तरी चालेल. पद्मजा माझ्याकडे बघत होती. मी चहाचा कप खाली ठेवला आणि सांगितलं की त्याच विळीनं मावशीचं बोट गेलंय, ती आता कुणाच्याच घरी पोळ्या लाटू शकणार नाही.

नांद्रेकरवहिनींनी छातीवर हात ठेवला. खरोखर घाबरल्या. मग हळूच म्हणाल्या, “बघ, मला वाटलंच होतं. बरं झालं बाई, घरात ठेवली नाही.”

त्यानंतर मी काय बोलले असते देव जाणे. पद्मजेनं माझं मनगट धरलं आणि मला जिन्यावर ओढून नेलं. खाली गाडीत बसल्यावर ती रडायला लागली. मला तिच्या रडण्याची कीव आली नाही. रडण्यापेक्षा सासऱ्यांना जाऊन सांग, म्हटलं.

आणि तिनं सांगितलं, हे तिच्या बाजूनं लिहायला हवं. अण्णांसमोर उभी राहून नवऱ्याच्या देखत म्हणाली की एकीनंही विळी वापरलेली नाही, सगळ्यांनी माझं मन राखलं. अभिनंदन तरीही हार मानेना. म्हणाला, मग तर कुणीच वापरलेली नाही, म्हणजे वाईट आहे हेही सिद्ध होत नाही. अण्णांनी कपाळ चोळलं.

“जिनं वापरली तिला आण,” ते मला म्हणाले. “तिच्या तोंडून ऐकतो. ती म्हणाली वाईट, तर माल जाणार नाही.”

मी सुटलेच. माझं काम झालं असं मला वाटलं. गाडी घेऊन घरी गेले, मावशीला तयार केलं. ती यायला तयार नव्हती. मोठ्या लोकांत मी काय बोलू, म्हणत होती. वाटेत मी तिला सगळं पढवलं, खटका कुठं आहे, पाय कसा लागतो, पातं कसं पडतं. ती मान हलवत होती. बँडेज बांधलेला हात पदराखाली झाकून बसली होती.

अण्णांनी तिला खुर्ची दिली. ती कडेला टेकली. त्यांनी आदरानं विचारलं, बाई, हात कसा आहे, दुखतंय का, काय लागेल ते सांगा. मग विळी तिच्यापुढं ठेवली.

“ही विळी वापरलीत तुम्ही. कशी आहे?”

मावशीनं विळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, अण्णांच्या टेबलाकडे बघितलं.

“छान आहे,” ती म्हणाली.

माझ्या कानावर माझा विश्वास बसेना. अभिनंदननं सुस्कारा सोडला. मी ओरडले, मावशी, खरं काय ते सांग. तर ती म्हणाली, “सांगितलं की. छान आहे. माझंच लक्ष नव्हतं.” मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं. त्या बायकांचा राग परवडला, नांद्रेकरणीचासुद्धा परवडला, पण हिचा राग कुठं ठेवू? जिची जखम ओली आहे तीच म्हणते छान आहे. मी दार उघडून बाहेर जायला निघाले.

“थांब,” अण्णा म्हणाले. ते बराच वेळ मावशीच्या पदराखालच्या हाताकडे बघत होते. मग मुलाकडे वळले. “हिचं बोट गेलंय आणि ही म्हणतेय छान आहे. ऐकलंस? आता त्या बाकीच्या बायकांचं छान मला परत सांगायला येऊ नकोस.”

अभिनंदन काही तरी बोलायला गेला. अण्णांनी हात वर केला आणि मला म्हणाले, ट्रक परत पाठव. खटका काढा, स्क्रू लावा, आणि जमिनीवर बसून चिरणाऱ्या बाईच्या हातात दिल्याशिवाय यातली एक वस्तू गेटबाहेर जाता कामा नये. दुकानदारांना मी बघतो.

मी जिंकले होते. तसं वाटत मात्र नव्हतं. रिक्षात बसल्यावर मी मावशीवर तोंड सोडलं. एवढं पढवलं, एवढी धावाधाव केली, आणि तू तिथं जाऊन माती खाल्लीस. खोटं का बोललीस? ती म्हणाली, “तुझी नोकरी आहे ना तिथं. उद्या त्यांनी तुला काढलं तर? आता माझा हात पण नाही.”  पण रागाला तोंड असतं, डोळे नसतात. मी म्हटलं, तू सगळ्यांना छान म्हण, नांद्रेकरवहिनींनाही मनानं चांगली म्हण, आणि त्या तुला काय म्हणतात ते ऐक. आणि मी ते सांगून टाकलं. शब्दन् शब्द.

मावशी माझ्याकडे वळली.  मग म्हणाली, “परत सांग. काय म्हणाली ती?”

मी परत सांगितलं. आवाज खाली गेला होता माझा.

“जास्तीची आहे म्हणाली होती मला,” मावशी म्हणाली. “मी तिला वाकून नमस्कार केला होता.”

तिनं रिक्षावाल्याला विश्रामबागेकडे घ्यायला सांगितलं. मी नको म्हटलं. तिनं ऐकलं नाही. जिना ती माझ्या पुढं चढली. पदर खोचून, कामाला जाते तशी. दार नांद्रेकरवहिनींनीच उघडलं. अगं द्वारका, ये ना, हात कसा आहे, म्हणाल्या. मावशी उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. पदराखालून हात काढला आणि त्यांच्यासमोर धरला. इतक्या वर्षांत मी तिचा आवाज कधी चढलेला ऐकला नव्हता, आणि तेव्हाही चढला नाही.

“वहिनी, माझं जे व्हायचं ते होऊन गेलंय, असं म्हणालात तुम्ही. गेलं नव्हतं. हा हात राहिला होता माझा.”

नांद्रेकरवहिनी माझ्याकडे बघायला लागल्या, जणू मी काही मदत करणार होते.

“मी तुमच्याकडे नवऱ्याच्या नावानं जगत नव्हते,” मावशी म्हणाली. “या हातानं जगत होते. उद्यापासून तुमच्या पोळ्या तुम्ही लाटा.”